अभ्यासक्रम शिकलेल्या शिक्षकाचे स्थान

नोकरी सांभाळून एम.एड. करणारा शिक्षक अभ्यासक्रमरचनेची तत्त्वे, उद्दिष्टांची मांडणी, मूल्यमापनाची तंत्रे हे सारे निष्ठेने शिकतो. वर्गात परतल्यावर मात्र त्याच्या हाती तयार पाठ्यपुस्तक आणि महिनावार घटकनियोजनाचा तक्ताच असतो. मग शिकलेल्या विद्येला वाव तो कोठे?

कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते, त्या कोठारी आयोगाने १९६६ मध्येच दर पाच वर्षांच्या सेवेत शिक्षकाला किमान दोन-तीन महिन्यांचे शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली होती. प्रत्यक्षात चार दिवसांचे शिबिर आणि उपस्थितीचे प्रमाणपत्र एवढ्यावरच आपण समाधान मानले. २०१५ पासून एम.एड. दोन वर्षांचे झाले. हेतू स्तुत्यच, परंतु दोन वर्षांची रजा कोणत्या संसारी शिक्षकाला परवडते?

आणि त्या प्रबंधिका! 'अमुक तालुक्यातील विद्यार्थ्यांच्या तमुक समस्यांचा चिकित्सक अभ्यास' हा साचा काही केल्या सुटत नाही. प्रश्नावल्या वाटायच्या, टक्केवारी काढायची, शिफारशी लिहायच्या. पुढे कपाट आणि धूळ. वस्तुतः चौथीतल्या मुलाची हातच्याची वजाबाकी नेमकी कोठे अडते, हे वर्षभर टिपून ठेवणे हेच खरे संशोधन होय, आणि त्यासाठी वर्ग सोडावा लागत नाही. विद्यापीठांनी अशा नोंदींना प्रबंधिकेचा दर्जा द्यावा. बालभारतीच्या विषय समित्यांनी पुस्तक बदलण्यापूर्वी त्या मागवून वाचाव्यात.