शोषखड्डा खणण्यापूर्वी विहिरीत डोकावा

गणेशोत्सव आटोपला, की नेरूळच्या माझ्या दवाखान्यात गावाहून परतलेले रुग्ण येऊ लागतात. कुणाला जुलाब, कुणाला ताप, तर कुणाच्या डोळ्यांत पिवळी झाक. काही वर्षांपूर्वी असेच एक आजोबा आणि आजी कावीळ घेऊन आले. निवृत्तीनंतर त्यांनी रायगड जिल्ह्यातील आपल्या गावी टुमदार घर बांधले होते. नव्या शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून जेमतेम पंधरा पावलांवर होता. विहीर वडिलोपार्जित, तिचे पाणी उकळण्याची कल्पनाही घरात कुणाला सुचली नव्हती. आजार त्याच पाण्याने झाला, असे मी ठामपणे म्हणू शकलो नाही. परंतु पाण्याच्या तपासणीत मैलाजन्य जिवाणू आढळले.

नवी मुंबईत राहणाऱ्या आपल्याला मैलापाणी नलिकांतून दूर जाण्याची सवय असते. गावी मात्र ते आपल्याच अंगणात मुरते. सेप्टिक टाकीत केवळ गाळ खाली बसतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच. त्या पाण्याची खरी गाळणी म्हणजे शोषखड्ड्याखालची कोरडी, हवेशीर माती. जंतू तिच्या कणांना चिकटतात आणि हळूहळू मरतात. खड्डा भूजलातच बुडाला, तर ही गाळणी उरतच नाही.

कोकणात अडचण दुहेरी आहे. जांभ्याच्या भेगांतून पाणी न गाळताच झरझर उतरते, तर खाजणाच्या चिकणमातीत ते मुरतच नाही, वर येते. शिवाय पावसाळ्यात भूजल पुष्कळ वर चढते. म्हणून मे महिन्यात पाहिलेली कोरडी जमीन आपली फसगत करते.

तेव्हा बांधकामापूर्वी तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात. पहिली, पाण्याची पातळी. श्रावण-भाद्रपदात दोरीला वजन बांधून विहिरीत सोडा आणि जमिनीपासून पाणी किती खोल आहे ते मोजा. शोषखड्ड्याचा तळ आणि ही पातळी यांत सुमारे दोन मीटर कोरडी माती असावी. दुसरी, मातीची पाझरक्षमता. शोषखड्ड्याच्या नियोजित खोलीवर लहान खड्डा घेऊन तो पाण्याने भरून रात्रभर ठेवावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घालून अडीच सेंटिमीटर पातळी उतरण्यास किती वेळ लागतो, हे अभियंत्याकडून मोजून घ्यावे. फार जलद आणि फार मंद, दोन्ही निचरे घातक. तिसरी, अंतर. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान 18 मीटर, म्हणजे साधारण साठ फूट. भेगाळ जांभ्यात त्याहून अधिक अंतर ठेवावे. खड्डा विहिरीच्या उताराकडील बाजूस असावा. शेजाऱ्याची विहीरही मोजमापात धरावी.

घर आधीच बांधलेले असेल, तर पाणी तपासून घ्या आणि तोवर खळखळून उकळूनच प्या. मैल्यातून येणारे नायट्रेट मात्र उकळण्याने जात नाही. तान्ह्या बाळाचे दूध अशा पाण्यात कालवू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांना जुलाबांनी फार लवकर शुष्कता येते. अशा वेळी डॉक्टरांना त्वरित कळवावे. ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदर स्त्रीच्या जिवावर बेतू शकते, हे सून किंवा लेक माहेरपणाला येण्यापूर्वी ध्यानात असू द्यावे.

त्या आजोबांनी पुढे शोषखड्डा उताराला, विहिरीपासून दूर हलवला. पाणी ते आजही उकळूनच पितात. आपणही गावी घर बांधण्याचा विचार करत असाल, तर पायाभरणीची घाई करू नका. एक पावसाळा थांबा आणि विहिरीत दोरी सोडून पाहा.