झोळीतून आलेले पंतप्रधान

फिलिपिन्समध्ये राष्ट्रवीर होसे रिझाल यांचे पुतळे ठिकठिकाणी दिसतात. त्याच काळातले आपोलिनारिओ माबिनी (१८६४-१९०३) मात्र बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसतात. गरीब शेतकरी घरातले हे वकील १८९६ मध्ये दोन्ही पायांनी अधू झाले. जून १८९८ मध्ये स्पेनविरुद्धच्या क्रांतीचे नेते आगिनाल्दोंनी बोलावले, तेव्हा वाटेवरच्या गावकऱ्यांनी खांदे बदलत त्यांना झोळीतून काविटला पोचवले. जानेवारी १८९९ मध्ये आगिनाल्दोंच्या सरकारात पंतप्रधानपद मिळाले, मे महिन्यात गेलेही. पुढे देश ताब्यात घेणाऱ्या अमेरिकेशी निष्ठेची शपथ नाकारली म्हणून १९०१ मध्ये ग्वाम बेटावर हद्दपारी. तिथे लिहिलेल्या क्रांतीच्या इतिहासात त्यांनी खुद्द आगिनाल्दोंनाही सोडले नाही. एवढा परखडपणा क्रांतिकारकांत विरळाच! फेब्रुवारी १९०३ मध्ये अखेर शपथ घेऊन ते परतले. मे महिन्यात मनिलात कॉलऱ्याने वारले.