चलनात न आलेल्या आधुनिक नाण्यांची प्रतवारी

प्रस्तावना

टांकसाळीतून निघालेले आणि कोणाच्याही खिशात न गेलेले नाणे निर्दोष असणारच, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात साच्यातून सुटलेले नाणे इतर नाण्यांच्या ढिगावर पडते, यंत्रातून मोजले जाते आणि पिशवीत भरले जाते. या प्रवासात त्याला ओरखडे पडतात, खोचा पडतात. त्यामुळे चलनात न आलेल्या नाण्यांमध्येही चांगले-वाईट ठरवावे लागते. या पाठात ते कसे ठरवतात ते पाहू.

शेल्डन मापनश्रेणी

आज जगभर वापरली जाणारी १ ते ७० गुणांची श्रेणी विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये ‘अर्ली अमेरिकन सेंट्स’ या ग्रंथात मांडली. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची किंमत १ धरली, तर त्याच प्रकारच्या सर्वोत्तम नाण्याची किंमत ७० असावी, असा त्यामागील हिशेब होता. किंमतीचे हे गणित पुढे टिकले नाही. आकडे मात्र टिकले.

या श्रेणीतील ६० ते ७० हा भाग चलनात न आलेल्या नाण्यांसाठी राखीव आहे. त्याला ‘मिंट स्टेट’, थोडक्यात ‘एमएस’, म्हणतात. शेल्डनने येथे ६०, ६५ आणि ७० अशा तीनच पायऱ्या दिल्या होत्या. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या अमेरिकी संस्थांनी नाणी तपासून, गुण देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद करण्याचे काम सुरू केले. त्यानंतर अकराही पायऱ्या रूढ झाल्या. दुर्मीळ नाण्याच्या बाबतीत एका गुणाच्या फरकाने किंमत कित्येक पटींनी बदलू शकते. म्हणून हे गुण कशावरून दिले जातात, हे खरेदीदाराला कळणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न : झीज की घाव?

वापराने होणारी झीज प्रथम नाण्याच्या सर्वांत उंच भागांवर दिसते. तेथील चकाकी तुटते आणि रंग मंदावतो. अशी थोडीशी झीज आढळली तरी नाणे ६० च्या खाली, जास्तीत जास्त ५८ वर जाते. याउलट पिशवीतील आघातांनी पडलेले घाव नाण्यावर कोठेही असू शकतात. ते कितीही असले तरी नाणे ‘मिंट स्टेट’मध्येच राहते. त्यामुळे किंचित झिजलेले ५८ गुणांचे नाणे घावांनी भरलेल्या ६० गुणांच्या नाण्यापेक्षा देखणे दिसू शकते.

येथे एक चूक हमखास होते. साच्याचा दाब कमी पडला तर उंच भाग मुळातच नीट उमटत नाहीत. ते सपाट दिसतात आणि झिजल्यासारखे वाटतात. अशा वेळी चकाकी पाहावी. ती त्या भागावरूनही अखंड जात असेल, तर दोष छापाचा आहे, वापराचा नाही.

गुण ठरवणारे घटक

१. घाव : त्यांची संख्या, आकार आणि जागा. अमेरिकेचे मॉर्गन डॉलर (१८७८–१९०४ आणि १९२१) हे याचे उत्तम उदाहरण. प्रत्येकी सुमारे २६.७ ग्रॅमची ही चांदीची नाणी हजार-हजारांच्या पिशव्यांत ठेवली जात. त्यावरील स्वातंत्र्यदेवतेच्या गुळगुळीत गालावरचा घाव लगेच नजरेत भरतो. तोच घाव केसांत पडला तर लपतो. म्हणून गालावरच्या घावाचे गुण जास्त कापले जातात.

२. चकाकी : छाप पडताना धातू कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा तयार होतात. एकाच दिव्याखाली नाणे तिरके धरून फिरवले, की या रेषांवरून प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात.

३. छाप : बारीक तपशील किती स्पष्ट उमटले आहेत.

४. एकूण रूप : रंग, डाग आणि प्रथमदर्शनी होणारा परिणाम. येथे परीक्षकाची दृष्टी महत्त्वाची ठरते. म्हणूनच तेच नाणे पुन्हा तपासायला दिले तर कधी कधी वेगळे गुण मिळतात.

पायऱ्या स्थूलमानाने

६०–६२ : झीज नाही, पण घाव पुष्कळ किंवा ठळक, चकाकी बहुधा मंद.
६३–६४ : मध्यम घाव, छाप साधारण ते चांगली.
६५–६६ : घाव थोडे व लहान, चकाकी चांगली.
६७–६९ : बारकाईने पाहिल्यावरच दिसणारे दोष.
७० : पाचपट भिंगातूनही छापानंतरचा एकही दोष दिसत नाही.

‘प्रूफ’ ही प्रत नव्हे

भारतीय टांकसाळी स्मारक नाण्यांचे ‘प्रूफ’ आणि ‘अनसर्क्युलेटेड’ असे दोन प्रकारचे संच विकतात. प्रूफ हे घडवण्याच्या पद्धतीचे नाव आहे. त्यासाठी चकत्या आणि साचे खास चकचकीत केलेले असतात. अशा नाण्यांना वेगळ्या आद्याक्षरांनी गुण देतात आणि हाताळणीत खराब झालेल्या प्रूफ नाण्याला कमी गुण मिळू शकतात.

स्वच्छतेचा धोका

दिवाळीत चांदीची भांडी चिंचेने किंवा रांगोळीने घासतात, तसे नाणे घासले की ते उजळते खरे. पण त्यावरील सूक्ष्म रेषा कायमच्या नष्ट होतात आणि त्या जागी समांतर ओरखडे उरतात. अशा नाण्याला तपासणी संस्था बहुधा गुणांऐवजी ‘साफ केलेले’ असा शेरा देतात. काळवंडलेले नाणे तसेच ठेवणे केव्हाही बरे. नाणे नेहमी कडेने धरावे. मऊ पीव्हीसी पाकिटे टाळावीत. त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे नाण्यावर हिरवट थर चढतो.

सारांश

झीज नसणे ही ‘मिंट स्टेट’ची अट आहे. त्यापुढील गुण घाव, चकाकी, छाप आणि एकूण रूप यांवर ठरतात. घाव भरून काढता येत नाही आणि घासून गेलेली चकाकी परत आणता येत नाही.

कृती : बँकेतून एकाच वर्षाची दहा नवी नाणी घ्या. एका दिव्याखाली, भिंगातून पाहून त्यांचा उतरता क्रम लावा आणि प्रत्येकाचे कारण लिहा. सहाध्यायाकडून स्वतंत्रपणे तेच करून घ्या. जेथे क्रम जुळत नाही, तेथे मतभेद कोणत्या घटकाविषयी आहे, हे शोधा.