‘सेव्ह झालं’ म्हणजे नक्की कुठं?

दिवाळी अंकाच्या धावपळीतली गोष्ट. मित्राच्या डीटीपीच्या दुकानात रात्री साडेनऊला मुखपृष्ठाची फाइल हातावेगळी झाली. एक जीबीच्या आसपास. ती पेन ड्राइव्हवर टाकली, कॉपीची पट्टी पाच-सहा सेकंदांत भरली, मी पेन ड्राइव्ह उपटला आणि स्कूटरला किक मारली. छापखान्यात फाइल दिसत होती, नाव बरोबर होतं, पण काही केल्या उघडेना. हात हलवत परत आलो. मित्रानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘‘इजेक्ट केला होतास का?’’

हिशेब मी आधीच करायला हवा होता. तो पेन ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम १० एमबी लिहिणारा. एक जीबीला दीड मिनिटाहून जास्त लागणार. मग पाच सेकंदांत भरलेली पट्टी खोटी होती का? नाही. मित्राच्या कॉम्प्युटरवर उबुंटू लिनक्स आहे. फाइल रॅममध्ये पोचली, एवढंच ती पट्टी सांगत होती. पेन ड्राइव्हवर ती मागाहून उतरत होती, आणि मी मध्येच ओढून काढला. लिहायचा मजकूर असा आधी वेगवान जागी ठेवून सवडीनं कायम जागी उतरवायचा, या सोयीला राइट कॅश म्हणतात.

किराणा दुकानदार गर्दीच्या वेळी उधारी चिटोऱ्यावर टिपतो आणि शटर ओढण्यापूर्वी वहीत उतरवतो. प्रत्येक गिऱ्हाइकामागे वही काढत बसला तर रांग रस्त्यापर्यंत जाईल. हार्ड डिस्कची अडचण हीच. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा लिहिणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट पाहायची, शिवाय डोकं आत-बाहेर सरकायला लागतो तो वेळ वेगळा. विखुरलेल्या बारीक नोंदी एकेक करून लिहिल्या, तर सेकंदाला शंभराच्या आसपासच होतात. म्हणून डिस्कच्या सर्किटवरच थोडी मेमरी असते, आजच्या डिस्कवर बहुधा ६४ ते २५६ एमबी. डिस्क नोंद तिथं घेते, ‘झालं’ म्हणते आणि मग सोयीच्या क्रमानं तबकडीवर उतरवते.

म्हणजे चिटोरे दोन ठिकाणी असतात. एक कॉम्प्युटरच्या रॅममध्ये, दुसरा डिस्कच्या पोटात. लिनक्समध्ये रॅममधला मजकूर नेहमीच्या सेटिंगला साधारण ३० सेकंद पडून राहू शकतो. कॉम्प्युटर नुसता हँग झाला तर रॅममधलं जातं, पण डिस्कला वीज मिळत असेल तर तिच्या पोटातलं ती बिनबोभाट उतरवते. वीजच गेली तर दोन्ही चिटोरे उडाले.

खरं दुखणं मात्र गेलेल्या नोंदीचं नसतं, बिघडलेल्या क्रमाचं असतं. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ या फाइल सिस्टिम रोजकीर्द ठेवतात, तिला जर्नल म्हणतात. कुठल्या फाइलचं काय बदलणार, याची नोंद आधी जर्नलमध्ये आणि मग फाइलींच्या यादीत बदल. मध्येच वीज गेली तर जर्नल वाचून यादी जुळवता येते. पण डिस्क आपल्या सोयीनं क्रम बदलते. यादी आधी बदलली आणि जर्नलची नोंद पोटातच राहिली, तर जुळवायचं कशाच्या आधारे? म्हणून मोक्याच्या जागी ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कला बजावते, ‘हातातलं आहे ते आधी वहीत उतरव, मग पुढचं.’ या आज्ञेला फ्लश म्हणतात. डेटाबेसही व्यवहार पक्का झाला असं सांगण्याआधी हीच आज्ञा पुरी होण्याची वाट पाहतात.

हे कळलं की सेटिंगची भीती उरत नाही. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्क ड्राइव्हजमध्ये आपल्या डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज घ्या आणि पॉलिसीज हा भाग पाहा. आतल्या डिस्कला तिथं बहुधा दोन चौकटी दिसतात. पहिली राइट कॅशिंग चालू-बंद करते. ती चालूच असू द्या. फ्लशची आज्ञा शाबूत असेपर्यंत वीज गेली तरी शेवटच्या काही क्षणांचं काम जाईल, पण सगळा डोलारा सहसा कोसळत नाही.

दुसरी चौकट बफर फ्लशिंग बंद करते, म्हणजे ती आज्ञाच काढून टाकते. ‘कॉम्प्युटर फास्ट करा’ छापाचे व्हिडिओ तिथं हमखास टिचकी मारायला सांगतात. डिस्कला स्वतंत्र वीजपुरवठा असल्याशिवाय ही चौकट निवडू नका, असं खुद्द विंडोज तिच्याखाली लिहितं, पण तो मजकूर वाचतो कोण? घरच्या आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर ही चौकट कोरी हवी.

पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्कसाठी तिथंच क्विक रिमूव्हल आणि बेटर परफॉर्मन्स असे दोन पर्याय असतात. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून क्विक रिमूव्हल आपोआप निवडलेला असतो. त्यात वेग थोडा कमी मिळतो, पण पट्टी भरली की काम बहुतेक पुरं झालेलं असतं. बेटर परफॉर्मन्स निवडला की इजेक्ट करणं आलंच. लिनक्सवर तर ते नेहमीच आलं. टर्मिनलची सवय असेल तर ‘सिंक’ ही आज्ञा द्या, ती परत येईपर्यंत पेन ड्राइव्हला हात लावू नका.

मोठ्या ऑफिसांतल्या सर्व्हरमध्ये चिटोऱ्याला वजन ठेवलेलं असतं. अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या रेड कार्डावर बॅटरी किंवा कपॅसिटर असतो, सर्व्हरसाठीच्या अनेक एसएसडींतही कपॅसिटर असतात. वीज गेली तरी कॅशमधला मजकूर वाचतो. ती बॅटरी मेली की बरीच कार्डं आपणहून कॅश बंद करून थेट डिस्कवर लिहू लागतात. मग ‘सर्व्हर एकाएकी स्लो झाला’ अशी ओरड होते आणि कोणीतरी कॅश जबरदस्तीनं चालू करायला सांगतो. तिथं सेटिंग नव्हे, बॅटरी बदलायची असते.

आपल्याकडे वजन म्हणजे यूपीएस. वीज ‘आत्ता होती, आत्ता गेली’ असं जिथं चालतं, तिथं कॅशच्या कुठल्याही चौकटीपेक्षा त्याची बॅटरी महत्त्वाची. एखादा सुट्टीचा दिवस निवडा. सगळ्या फाइल सेव्ह करून बंद करा, यूपीएस ज्या प्लगला आहे त्याचं भिंतीवरचं बटण बंद करा आणि घड्याळ लावा. शटडाउन करण्याइतकी पाच मिनिटंही यूपीएस तग धरत नसेल, तर दुसऱ्या दिवशी आधी बॅटरी बदलून घ्या.