टेलरिंगला जोडधंदा : उंची कपड्यांची निगा

लग्नसराई आटोपली की भिंगार आणि नगरमधील लाँड्र्यांत शेरवानी, कोट आणि ब्लेझर यांचे गठ्ठे येऊन पडतात. त्यातले काही कपडे परत जातात ते पहिल्यासारखे नसतात. आमच्याच घरातील एका शेरवानीची ही हकीगत आहे. वलीम्याच्या दिवशी एकदाच अंगावर चढलेली ती शेरवानी धुऊन आली तेव्हा छातीवरचे कापड फोड आल्यासारखे फुगले होते. धुलाईवाला म्हणाला शिलाई कच्ची, शिंपी म्हणाला धुलाई वाईट. खरे पाहता शेरवानीच्या आत काय बसवले आहे हे धुलाईवाल्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते.

कोट किंवा शेरवानी म्हणजे नुसते कापड आणि अस्तर नव्हे. छाती, कॉलर आणि लेपल यांना आकार राहावा म्हणून मध्ये आणखी एक थर असतो. जुन्या पद्धतीत तेथे कॅनव्हास हाताच्या टाक्यांनी बसवतात. उंची कामात त्यात घोड्याच्या केसांचे विणलेले कापडही असते. आजकाल बहुतेक ठिकाणी फ्युजिंग वापरतात, म्हणजे एका बाजूला चिकट थर असलेले कापड उष्णतेने आतून चिकटवतात. काम झटपट होते आणि स्वस्त पडते. पण चिकटवताना उष्णता किंवा दाब कमी पडला असेल, अथवा पुढे धुलाईत चुकीचा द्राव किंवा जास्त आच लागली, तर चिकटलेले सुटते आणि फोड येतात. हे फोड पुन्हा पूर्ववत बसवणे फार कठीण असते.

रेडिमेड कोटाच्या आत एक लहान पट्टी शिवलेली असते. तिच्यावरच्या टबावर फुली असेल तर पाण्यात धुवायचे नाही. इस्त्रीच्या चित्रात एक टिंब असेल तर ११० अंश, दोन असतील तर १५० आणि तीन असतील तर २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान चालते. नुसते वर्तुळ असेल तर ते काम धंदेवाईक धुलाईवाल्याचे. वर्तुळातील अक्षरावरून कोणता द्राव चालेल हे त्याला कळते. आपल्या शिंप्याने मापाने शिवलेल्या कपड्यावर मात्र अशी कोणतीही पट्टी नसते. शिलाईचे हजारो रुपये मोजलेला कपडा असा मुका राहतो. ही उणीव शिंप्यानेच भरून काढावी असे आमचे म्हणणे आहे, आणि त्यात त्याचा धंदाही आहे.

भिंगारला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. हे छावणीचे गाव आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर शेजारीच आहे. जिथे लष्कर तिथे गणवेश शिवणारा, धुणारा आणि इस्त्री करणारा कारागीर आलाच. फौजी गणवेशाची निगा ही एक शिस्त असते आणि तिच्यातल्या काही युक्त्या सर्वांच्या उपयोगाच्या आहेत. पितळी बटणाला पॉलिश करायचे तर आधी खाच पाडलेली पातळ पट्टी बटणाखाली सरकवतात, म्हणजे पॉलिशचा डाग कापडाला लागत नाही. जाड पुठ्ठ्याला कात्रीने खाच पाडली तरी काम भागते. ब्लेझर वापरणाऱ्या शाळांच्या पालकांनीही हे करून पाहावे.

आता मूळ मुद्दा. लोकरी कपडा घालण्याने झिजतो त्याहून अधिक वारंवार धुण्याने आणि कडक इस्त्रीने झिजतो. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखे घट्ट होते. धुण्याच्या सोड्याने लोकर खराब होते आणि क्लोरीनच्या ब्लीचने तर ती विरघळू लागते. म्हणून प्रत्येक समारंभानंतर कोट धुलाईला टाकण्याची गरज नाही. घरी आल्यावर खिसे रिकामे करावेत, रुंद खांद्याच्या हँगरवर कोट टांगावा आणि एक दिवस सावलीत वारा लागू द्यावा. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा सहज शोषते. तो निघून गेला की बऱ्याच सुरकुत्या आपोआप बसतात. नंतर मऊ केसांच्या ब्रशाने वरून खाली झाडावे. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला, येथे धुळीला तोटा नाही. कापडात शिरलेले धुळीचे कण तंतूंना आतून कापत राहतात.

इस्त्रीची चूक सर्वात जास्त आढळते. लोकरीवर तापलेली इस्त्री ओढली की कापडावर चकाकी येते आणि ती सहसा जात नाही. वर ओलसर मलमलचा फडका टाकावा, इस्त्री दाबावी, उचलावी, पुढे ठेवावी. लेपल तर सपाट दाबूच नये, त्याची गोलाई राहिली पाहिजे. जरीच्या कामावर वाफ मारू नये, उलट्या बाजूने मऊ कापडावर ठेवून हलकी इस्त्री फिरवावी. खऱ्या चांदीची जर हवेतील गंधकाने काळी पडते, म्हणून असा कपडा मलमलमध्ये गुंडाळून वेगळा ठेवावा. अत्तर थेट शेरवानीवर लावू नये, तेलाचा डाग राहतो.

ड्रायक्लीनिंग म्हणजे कोरडी धुलाई नव्हे. तेथेही कपडा भिजतो, फक्त पाण्याऐवजी द्रावात. हा द्राव तेल आणि तूप काढतो, पण घाम आणि सरबत यांचे डाग त्याला दाद देत नाहीत. ते आज दिसले नाहीत तरी पुढे पिवळे पडतात. म्हणून कोठे काय सांडले हे कपडा देतानाच सांगावे. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो हे सर्वांना माहीत आहे. लोकरी किंवा रेशमी कपड्यावर हा प्रयोग करू नये. घरी पेट्रोलने डाग काढण्याची पद्धत तर जिवावर बेतू शकते.

कारागिरांसाठी आणखी एक सूचना. ड्रायक्लीनिंगमधील पर्क हे रसायन कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांमध्ये गणले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तसे वर्गीकरण केले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२४ च्या डिसेंबरात ड्रायक्लीनिंगमधील त्याचा वापर दहा वर्षांत बंद करण्याचा नियम जाहीर केला. ज्यांच्या दुकानात हा द्राव आहे त्यांनी खेळती हवा ठेवावी. ग्राहकानेही धुऊन आलेला कपडा प्लास्टिकमधून काढून दिवसभर वाऱ्यावर ठेवावा, मगच कपाटात ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात बुरशी धरते, सुती कव्हर चांगले. कसर लागते ती मळलेल्या लोकरीला आधी, तेव्हा हंगाम संपल्यावर मात्र कपडा स्वच्छ करूनच ठेवावा. डांबराच्या गोळ्या कापडाला चिकटू देऊ नयेत आणि तान्ह्या बाळांच्या कपड्यांत त्या ठेवूच नयेत.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे शिवणकामावर गुजराण करतात. रेडिमेड कपड्यांनी त्यांचे काम कमी केले ही वस्तुस्थिती आहे. पण रेडिमेड घेतलेल्याचीही निगा राखावीच लागते. शिंप्याने प्रत्येक कोटाबरोबर एक चिठ्ठी द्यावी : कापड कोणते, अस्तर कशाचे, आत कॅनव्हास की फ्युजिंग, इस्त्री किती गरम. दुकानात ब्रश, वाफेची इस्त्री आणि रफूचे सामान ठेवून हंगामाच्या शेवटी निगेचे काम घ्यावे. सैल झालेले बटण, उसवलेले अस्तर, खांद्याचे पॅड हे सर्व त्याच वेळी पाहता येते. हे काम धुलाईवाल्यापेक्षा शिंप्याला अधिक चांगले जमेल.

भांडवलाचा प्रश्न आहेच. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपी आणि धोबी दोन्ही आहेत. तिच्यात अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो, तेव्हा नोंदणी कोणाच्या नावे करायची ते आधी घरात ठरवावे.

काम हाती घेताना पावती द्यावी आणि तिच्यावर कपड्याचा रंग, जुने डाग, फाटलेली जागा ग्राहकासमोर लिहावी. ‘नुकसानीस दुकान जबाबदार नाही’ एवढे छापून निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही. ग्राहक जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. समोर लिहून घेतलेली दोन वाक्ये दुकानदाराच्या आणि ग्राहकाच्या, दोघांच्याही कामी येतात.