मलिक अंबरला भेटलेला चित्रातला माणूस

शिवकालीन बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि राज्यभर आनंद झाला. तो रास्तच होता. यादीत साल्हेर आहे, शिवनेरी आहे, रायगड आहे, थेट तमिळनाडूतला जिंजी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातला मात्र एकही किल्ला नाही. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावकराला याची रुखरुख वाटावी, हे स्वाभाविक आहे. कारण मिरजगाव मधोमध धरलं, तर सतरावं शतक त्याच्या चहूबाजूंनी घडलं आहे. उत्तरेला नगर तालुक्यातलं भातोडी, नैर्ऋत्येला भीमेकाठचा पेडगावचा बहादूरगड, आणि जिथे निजामशाही उभी राहिली व पुढे औरंगजेबाने शेवटचा श्वास घेतला, ते नगर शहर.

या मुलखाचं सतरावं शतक आपण मोगल, आदिलशाही आणि मराठे एवढ्यावर आवरतं घेतो. युरोपचं सतरावं शतक वेगळ्या धड्यात येतं : गॅलिलिओची दुर्बीण, न्यूटनचे नियम, रेम्ब्रांची चित्रं, इटलीतला ऑपेरा. दोन्ही धडे एकाच काळाचे आहेत, हे विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही. जून १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडलं आणि त्याच जूनमध्ये रोमला गॅलिलिओला गुडघे टेकून आपलं मत मागे घ्यावं लागलं. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराजांना कैद करून बहादूरगडावर औरंगजेबापुढे आणलं गेलं. त्याच फेब्रुवारीत लंडनमध्ये संसदेने राजाच्या अधिकारांना लेखी मर्यादा घालून मगच नव्या राजाराणीला मुकुट देऊ केला.

अशा तारखा जुळवत बसलं की गंमत वाटते, पण त्याने सिद्ध काहीच होत नाही. दोन घटना एका महिन्यात घडल्या म्हणजे त्यांचं नातं लागत नाही. नातं लागतं ते माणसांमुळे, मालामुळे आणि कागदामुळे. असा एक माणूस आहे, आणि नगरच्या इतिहासप्रेमींनी त्याला ओळखायलाच हवं.

लंडनच्या उत्तर भागात केनवुड हाउस नावाचा जुना वाडा आहे. तिथल्या चित्रसंग्रहात फ्रान्स हाल्स या डच चित्रकाराने १६३३ च्या सुमारास काढलेलं एका व्यापाऱ्याचं चित्र आहे. उन्हाने रापलेला तांबूस चेहरा, विस्कटलेले केस, ओठांवर आत्ताच फुटलेलं हसू. काळ्या पोशाखावर पांढरी जाळीदार कॉलर, हातात काठी आणि छातीवर तिरकी सोन्याची साखळी. हाल्सचे कुंचल्याचे फटकारे इतके मोकळे आहेत की माणूस पुढच्या क्षणी बोलायला लागेल असं वाटतं. राजे आणि धर्मगुरू यांच्याऐवजी व्यापारी चित्रात येऊन ऐटीत उभा राहतो, ही त्या काळच्या हॉलंडची नवी गोष्ट होती. ती साखळी डच ईस्ट इंडिया कंपनीने पूर्वेकडच्या चाकरीबद्दल दिलेलं बक्षीस आहे.

या माणसाचं नाव पीटर व्हान डेन ब्रुके. १५८५ मध्ये अँटवर्पला जन्मलेला. आधी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर व्यापार केला, मग कंपनीच्या जहाजावर चढला. येमेनमधल्या मोखा बंदरात तो गेला होता. कॉफीबद्दल लिहून ठेवणाऱ्या पहिल्या काही डचांमध्ये त्याची गणना होते. १६१७ च्या पावसाळ्यात गुजरात किनाऱ्याजवळ त्याची जहाजं फुटली. तेव्हा खलाशांना घेऊन तो सुरतेहून खुष्कीच्या मार्गाने मच्छलीपट्टणला निघाला. वाट दख्खनमधून जात होती आणि दख्खनमध्ये त्या वेळी शब्द चालत होता मलिक अंबरचा. दोघांची भेट झाली. निजामशाहीच्या या हबशी कारभाऱ्याचा करारी, रोमन घडणीचा चेहरा त्याने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवला.

ही भेट मला फार मोठी वाटते. अंबर लहानपणी इथिओपियातून विकला गेला होता, आणि ज्या बाजारांत त्याची विक्री झाली त्यात मोखाही होतं. ज्या बंदरात एकाने माल म्हणून दिवस काढले, तिथे दुसरा माल घ्यायला गेला. पुढे दख्खनमध्ये समोरासमोर आले तेव्हा विकला गेलेला माणूस राज्य चालवत होता आणि व्यापारी त्याच्या मुलखातून वाट मागत होता. युरोपच्या त्या शतकातल्या वैभवाची कहाणी सांगताना गुलामांचा व्यापार तळटीपेत ढकलला जातो. नगरकडून पाहिलं तर तो तळटीपेत मावत नाही.

दुसरं चित्र मोगल दरबारातलं आहे आणि आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. दरबारी चित्रकार अबुल हसनने ते १६१६ च्या सुमारास काढलं. जहांगीर बादशहा धनुष्य ताणून उभा आहे आणि भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर नेम धरतो आहे. प्रत्यक्षात जहांगीरला हे कधीच जमलं नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारपणाने गेला. त्याआधी १६२४ मध्ये त्याने भातोडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांची दाणादाण उडवली होती. तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मग छापा घातला. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. चित्रात मात्र बादशहा जिंकलेला आहे, आणि तो उभा आहे पृथ्वीच्या गोलावर. वर ढगांतून पंखांची बाळं त्याला शस्त्रं देत आहेत. हा गोल आणि ही बाळं युरोपातून आलेल्या छापील चित्रांतून मोगल चित्रशाळेत शिरली होती. नगरच्या एका कारभाऱ्याला निदान कागदावर तरी मारण्यासाठी बादशहाला युरोपचा भूगोल आणि युरोपची चित्रकला कामी आली. अंबरच्या धास्तीची याहून मोठी पावती कोणती?

आता दुष्काळाकडे येऊ, कारण कर्जत-जामखेडच्या पट्ट्यात इतिहासाची कोणतीही गोष्ट शेवटी पाण्यापाशी येते. जेफ्री पार्कर या इतिहासकाराने २०१३ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात मांडलं की सतराव्या शतकात हवामान बिघडलं, थंडी वाढली, पिकं बुडाली आणि जगभर राज्यं कोसळली. जर्मनीत १६१८ ते १६४८ असं तीस वर्षांचं युद्ध चाललं. १६४४ मध्ये चीनचं मिंग घराणं बुडालं. १६४९ मध्ये इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद झाला. आपल्याकडे १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ पडला आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली.

मांडणी भारदस्त आहे, पण मला ती पूर्ण पटत नाही. सूर्यावरचे डाग कमी झाले म्हणून थंडी वाढली, असा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. गॅलिलिओनंतरच्या खगोलवेत्त्यांनी दुर्बिणीतून या डागांच्या नोंदी ठेवल्या, त्यामुळे १६४५ ते १७१५ या काळात ते फारच कमी दिसले हे आपल्याला कळतं. पण आपला मोठा दुष्काळ त्याच्या पंधरा वर्षं आधीचा आहे. पाऊस गेला हे खरं. पण त्याच वर्षांत शाहजहानची फौज बुऱ्हाणपुरात तळ देऊन होती, मुलूख तुडवला जात होता, आणि जमिनीची प्रतवारी करून सारा ठरवणारा अंबर हयात नव्हता. आभाळ फाटतं तेव्हा राज्यकर्ता कसा आहे, यावर किती माणसं जगतात ते ठरतं. दुष्काळाचं खापर एकट्या सूर्यावर फोडलं, तर राज्यकर्ते मोकळे सुटतात.

त्या पडझडीत लोकांनी जे निर्माण केलं, ते मात्र दोन्हीकडे अस्सल आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या दरबारात हाइन्रिख श्युट्झ हा संगीतकार होता. युद्धाने दरबाराची तिजोरी रिकामी केली, गायक पांगले. मोठ्या वाद्यवृंदाची सवय असलेल्या या माणसाने १६३६ आणि १६३९ मध्ये एक ते पाच आवाज आणि सोबत ऑर्गन एवढ्यावर भागेल अशी धार्मिक गाणी छापली. थोड्या आवाजांमुळे शब्द अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागला. इकडे देहूत तुकोबांचं दुकान दुष्काळात बसलं, पत्नी अन्नावाचून गेली, आणि त्याच माणसाचा अभंग टाळ-मृदंगाच्या साथीने गावोगाव पोचला. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नव्हतं. हाताशी उरलं तेवढ्यातून त्यांनी मराठी आणि जर्मन माणसाला शतकानुशतकं पुरेल असं काही दिलं.

केनवुडमध्येच व्हर्मीर या डच चित्रकाराचंही एक चित्र आहे, गिटार वाजवणाऱ्या मुलीचं, १६७२ च्या सुमारासचं. त्या वर्षी फ्रान्सच्या चौदाव्या लुईने हॉलंडवर स्वारी केली. चित्रांचा बाजार बसला, आणि व्हर्मीर १६७५ मध्ये कर्ज मागे ठेवून वारला. इकडे १६७२ मध्येच मराठ्यांनी साल्हेरला मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. त्याच साल्हेरचं नाव आता युनेस्कोच्या यादीत आहे. वेंगुर्ल्याच्या वखारीतले डच शिवाजी महाराजांच्या हालचाली कंपनीला लिहून कळवत होते. दक्षिणेतल्या चित्रकारांनी काढलेली महाराजांची चित्रं डच संग्रहांतून युरोपात पोचली, ती याच व्यापारी वाटेने.

म्हणून माझं म्हणणं असं की नगर जिल्ह्याने यादीत नाव नाही म्हणून खंत करत बसू नये. भातोडीला तलाव आहे, शरीफजींची समाधी आहे. लढाई कशी झाली, पाणी कुठून कुठे सोडलं, हे नकाशासह समजावणारा नीट फलक तिथे उभा करायला युनेस्कोची परवानगी लागत नाही. आपल्या विद्यापीठांत इतिहासाच्या विद्यार्थ्याला फारसी आणि मोडीबरोबर डच आणि पोर्तुगीज शिकण्याची सोय हवी. ती झाली, तर व्हान डेन ब्रुकेच्या रोजनिशीतलं दख्खन आपल्याला इंग्रजीतून उष्टं मिळणार नाही, सरळ मराठीत वाचता येईल. आणि नववीच्या वर्गात गॅलिलिओ शिकवताना फळ्यावर शेजारी दौलताबादही लिहावं. आपला जिल्हा त्या शतकाच्या मध्यावर होता, हे मिरजगावच्या मुलाला शाळेतच कळायला हवं.