नाताळच्या कथेतील ईश्वरी योजना आणि पापक्षमा

नाताळच्या कथेतील ईश्वरी योजना आणि पापक्षमा हा ख्रिस्ती ईश्वरविज्ञानातील एक मध्यवर्ती विषय आहे. येशू ख्रिस्ताचा जन्म ही योगायोगाने घडलेली घटना नसून परमेश्वराने पूर्वीपासून योजलेल्या तारणकार्याचा भाग आहे आणि त्या कार्याचा हेतू मनुष्याला पापांची क्षमा मिळावी हा आहे, अशी ख्रिस्ती धर्माची श्रद्धा आहे. नाताळ हा आनंदाचा सण म्हणून सर्वपरिचित आहे. तथापि त्यामागील मूळ कथा संशय, सक्तीचा प्रवास, राजकीय दहशत, बालहत्या आणि परागंदा होणे अशा प्रसंगांनी भरलेली आहे. या प्रसंगांतून ईश्वराचा हात कसा ओळखावा, हा प्रश्न प्राचीन काळापासून चर्चिला गेला आहे.

संकल्पना

ईश्वरी योजना म्हणजे सृष्टी आणि मानवी इतिहास यांची परमेश्वर घेत असलेली काळजी आणि त्यांना देत असलेली दिशा होय. या अर्थाने रूढ झालेल्या मूळ लॅटिन शब्दात ‘आधी पाहणे’ व ‘आधीच तजवीज करणे’ असे दोन्ही भाव आहेत. ही कल्पना प्रारब्ध किंवा नियती यांहून भिन्न मानली जाते. नियती ही व्यक्तिनिरपेक्ष आणि अटळ असते. ईश्वरी योजना मात्र प्रेम करणाऱ्या ईश्वराची असून ती मनुष्याच्या स्वतंत्र निर्णयांमधून पुढे सरकते, असे ख्रिस्ती विचारवंत सांगतात.

पापक्षमा म्हणजे केवळ शिक्षेची माफी नव्हे. पापामुळे देव आणि मनुष्य यांच्यातील तुटलेले नाते पुन्हा जोडणे, असा तिचा व्यापक अर्थ आहे. या दोन्ही संकल्पना एकत्र आणणारे जुन्या करारातील ठळक उदाहरण म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा. मत्सरापोटी भावांनी विकलेला योसेफ मिसर देशात अधिकारपदी पोहोचतो आणि दुष्काळात त्याच भावांचे प्राण वाचवतो. भावांनी केलेले वाईट देवाने अनेकांच्या कल्याणासाठी वळवले, असे म्हणून तो त्यांना अभय देतो. भावांचे कृत्य यामुळे चांगले ठरत नाही. परंतु ते अखेरचेही ठरत नाही.

ग्रंथाधार

येशूच्या जन्माची कथा नव्या करारातील मत्तय आणि लूक या दोनच शुभवर्तमानांत आढळते. मार्काचे शुभवर्तमान बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या कार्यापासून सुरू होते, तर योहानाच्या शुभवर्तमानाची प्रस्तावना ईश्वरी शब्दाच्या देहधारणाविषयी बोलते. मत्तयाची कथा योसेफाच्या बाजूने सांगितलेली असून तीत स्वप्ने, मागी लोक, हेरोद राजा आणि मिसरचे पलायन हे प्रसंग येतात. लूकच्या कथेत मरिया केंद्रस्थानी असून देवदूताचा निरोप, जनगणना, गव्हाणी आणि मेंढपाळ हे प्रसंग येतात. नाताळच्या देखाव्यात मेंढपाळ आणि मागी एकत्र दिसतात. मूळ ग्रंथांत मात्र ते वेगवेगळ्या कथांतील आहेत.

वंशावळीतील नावे

मत्तयाचे शुभवर्तमान वंशावळीने सुरू होते. अब्राहामापासून दावीदापर्यंत, दावीदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत आणि तेथून ख्रिस्तापर्यंत अशा चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन विभागांत लेखकाने ती मांडली आहे. ही नेटकी रचना इतिहासामागे एक आखणी असल्याचे सुचवते. परंतु या वंशावळीत मरियेखेरीज तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी अशा चार स्त्रियांचाही उल्लेख येतो. तामारेला तिच्या सासऱ्याने न्याय नाकारला होता. राहाब ही यरीहो नगरातील वेश्या होती. रूथ ही परदेशी मवाबी विधवा होती. उरीयाची पत्नी बथशेबा हिचे नाव न घेता लेखक तिच्या पतीचे नाव घेतो आणि दावीद राजाने त्या पतीचा घडवून आणलेला वध वाचकाला आठवून देतो. तारणाऱ्याच्या पूर्वजांतील दोष झाकलेले नाहीत. क्षमेची गरज असलेल्या इतिहासातूनच क्षमा करणारा जन्माला येतो, असा अर्थ अनेक भाष्यकार यातून काढतात.

योसेफाचा निर्णय

वाग्दत्त वधू मरिया गर्भवती असल्याचे योसेफाला समजते. मोशेच्या नियमशास्त्रानुसार वाग्दान झालेल्या स्त्रीचा व्यभिचार हा गंभीर अपराध होता. योसेफ नीतिमान होता आणि तिची लोकांत बेअब्रू होऊ नये म्हणून त्याने तिला गुपचूप सोडण्याचे ठरवले, असे मत्तय सांगतो. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. कथेनुसार मरिया निर्दोष आहे. मात्र ती दोषी असल्याचे योसेफाला वाटत असतानाही तो सूडाऐवजी दयेचा मार्ग निवडतो. सत्य त्याला त्यानंतर स्वप्नात कळते. नीतिमत्ता म्हणजे केवळ नियमांचे काटेकोर पालन नव्हे, हे मत्तयाने आपल्या पहिल्याच प्रसंगातून दाखवून दिले आहे.

याच स्वप्नात बालकाचे नाव येशू ठेवण्याची आज्ञा होते. या हिब्रू नावाचा संबंध ‘परमेश्वर तारण करतो’ या अर्थाशी आहे. तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून सोडवील, असे देवदूत नावाचे कारण सांगतो. त्यावेळी यहूदी समाज रोमच्या अंमलाखाली होता आणि अनेकांना राजकीय मुक्तिदात्याची प्रतीक्षा होती. तारणाचा संबंध पापाशी जोडल्यामुळे या अपेक्षेला वेगळे वळण मिळते. हेच सूत्र शेवटच्या भोजनाच्या प्रसंगी पुन्हा येते. तेथे येशू आपले रक्त पापांच्या क्षमेसाठी ओतले जात असल्याचे सांगतो.

जनगणना आणि बेथलेहेम

लूकच्या कथेत रोमन सम्राट औगुस्त याच्या आज्ञेने नोंदणी होते आणि त्यामुळे योसेफ व मरिया नासरेथहून शंभर किलोमीटरपेक्षा अधिक दूर असलेल्या बेथलेहेमला जातात. दावीदाचे हे गाव मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथात भावी राजाचे जन्मस्थान म्हणून आले आहे आणि मत्तय त्या वचनाचा आधार घेतो. सम्राट कर आणि सत्ता यांचा हिशेब करीत असतो. त्याला ठाऊक नसताना त्याची आज्ञा वेगळ्याच योजनेच्या कामी येते, असे लूकचे चित्रण आहे. आशिया मायनरमधील प्रिएने येथे सापडलेल्या इ.स.पू. ९ च्या सुमाराच्या शिलालेखात औगुस्ताचा तारणारा म्हणून गौरव केलेला असून त्याचा जन्मदिवस शुभवार्तेचा आरंभ मानला आहे. लूकने तीच विशेषणे गव्हाणीतील बालकाला लावणे हे त्या काळी धाडसाचे विधान होते.

या नोंदणीचा काळ हा इतिहासकारांपुढील जुना प्रश्न आहे. लूकने उल्लेखिलेला सुभेदार क्विरीनिय याची जनगणना इतिहासकार जोसेफसच्या वृत्तांतानुसार इ.स. ६ मध्ये झाली. हेरोद राजाचा मृत्यू मात्र बहुतेक अभ्यासक इ.स.पू. ४ मध्ये मानतात. त्यामुळे लूकचा तपशील ऐतिहासिक नोंद म्हणून घ्यावा की ईश्वरविज्ञानपर मांडणी म्हणून, याविषयी मतभेद आहेत.

क्षमा कोणासाठी

जखऱ्या याजकाने देवदूताच्या वचनावर अविश्वास दाखवल्यामुळे त्याची वाचा जाते. पुत्राचे नाव योहान असे लिहून देताच ती परत येते आणि त्याच्या पहिल्या स्तोत्रात पापक्षमेतून मिळणाऱ्या तारणाचा उल्लेख येतो. जन्माची वार्ता प्रथम रानात राहणाऱ्या मेंढपाळांना मिळते, तर मत्तयाच्या कथेत दूरदेशीचे परधर्मीय मागी बालकाच्या दर्शनाला येतात. यरुशलेमेतील शास्त्री जन्मस्थान अचूक सांगतात, पण तिकडे जात नाहीत. ईश्वरी योजना समजणे आणि तिला प्रतिसाद देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे या विरोधातून सूचित होते.

बालहत्येचा प्रश्न

मागी परत न आल्याने संतापलेला हेरोद बेथलेहेम परिसरातील दोन वर्षांच्या आतील मुलांची हत्या करवतो. योसेफाला स्वप्नात सूचना मिळाल्याने येशू मिसर देशात नेला जाऊन वाचतो. इतर मुले मारली जातात. ही घटना केवळ मत्तयाने नोंदवली असून जोसेफसच्या लेखनात ती आढळत नाही. मात्र हेरोदाने स्वतःच्या मुलांनाही ठार करविल्याचे जोसेफस सांगतो. ईश्वरी योजनेच्या कल्पनेपुढील सर्वांत कठीण प्रश्न याच प्रसंगातून उभा राहतो: एका बालकाला इशारा मिळाला, तर इतरांना का नाही?

मत्तयाच्या भाषेतील एक भेद येथे अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. भविष्यवाणी पूर्ण ‘व्हावी म्हणून’ अमुक घडले, अशी त्याची नेहमीची रचना आहे. बालहत्येच्या प्रसंगी मात्र तो हेतुवाचक शब्द टाळून ‘तेव्हा’ वचन पूर्ण झाले एवढेच म्हणतो. यहूदाच्या विश्वासघाताच्या पैशांसंबंधीही तो हीच रचना वापरतो. दुष्कृत्य देवाच्या इच्छेने घडले असे म्हणण्याचे लेखकाने टाळले आहे, असा निष्कर्ष यातून काढला जातो. या ठिकाणी उद्धृत होणाऱ्या यिर्मयाच्या वचनात मुलांसाठी रडणारी राहेल सांत्वन नाकारते आणि मत्तयही तिला घाईने गप्प करीत नाही. यिर्मयाच्या ग्रंथातील त्याच ३१ व्या अध्यायात पुढे नव्या कराराचे आणि पापक्षमेचे अभिवचन आले आहे.

संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांच्या मते देव वाईट घडवत नाही, ते घडू देतो आणि त्यातूनही चांगले निर्माण करतो. या उत्तराने सर्वांचे समाधान झालेले नाही. दोस्तोयेव्हस्की यांच्या ‘करामाझोव बंधू’ (१८८०) या कादंबरीतील इवान असा प्रश्न करतो, की आई स्वतःच्या दुःखापुरती क्षमा करू शकेल. परंतु छळ झालेल्या मुलाच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणाला आहे? यावर ख्रिस्ती परंपरेचे उत्तर क्रूसाकडे बोट दाखवणारे आहे. बेथलेहेमातून वाचलेले बालक पुढे स्वतः निरपराध बळी ठरले आणि क्षमेचा शब्द बळीच्या मुखातूनच आला, असे ही परंपरा मानते. या उत्तरामुळे अपराध्याच्या जबाबदारीचा प्रश्न मिटतो असे मानले जात नाही. क्षमेबरोबर पश्चात्तापाचीही अपेक्षा असते.

ईश्वरविज्ञानातील मतभेद

मनुष्याने पाप केले नसते तरी देवाने देहधारण केले असते काय, हा मध्ययुगातील प्रसिद्ध वाद होय. संत थॉमस अक्वायनस यांनी देहधारण हा पापावरील उपाय आहे, या मताला अधिक ग्राह्य मानले. डन्स स्कॉटस यांच्या मते ख्रिस्ताचे आगमन हा सृष्टीचा मूळ हेतूच होता. पाप घडले नसते तरी तो आला असता. पहिल्या मतात नाताळचे कारण क्षमा हे आहे, तर दुसऱ्या मतात प्रेम हे कारण असून क्षमा हे त्या प्रेमाने घेतलेले रूप आहे. सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिन यांनी ईश्वरी सत्तेच्या सर्वव्यापीपणावर विशेष भर दिला. त्यामुळे मानवी स्वातंत्र्याविषयीची चर्चा अधिक तीव्र झाली.

उपासना आणि परंपरा

रोममध्ये २५ डिसेंबर रोजी ख्रिस्तजन्म साजरा होत असल्याची जुनी नोंद इ.स. ३५४ च्या एका पंचांगात आढळते. पाश्चात्त्य परंपरेत नाताळपूर्वीचे चार रविवार आगमनकाळ म्हणून पाळले जातात. या काळात आत्मपरीक्षण आणि पापनिवेदन यांना महत्त्व असते. मध्ययुगीन युरोपात २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा स्मरणदिन होता. २८ डिसेंबर रोजी हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचे स्मरण केले जाते. अशा रीतीने सणाच्या आनंदाच्या अलीकडे पाप आणि पलीकडे शोक ठेवला गेला आहे. पौर्वात्य चर्चच्या चित्रांत बाळाला गुंडाळलेली वस्त्रे प्रेतवस्त्रांसारखी आणि गव्हाणी शवपेटीसारखी दाखवतात, तीही याच जाणिवेतून.

मराठी साहित्यात

‘नाताळ’ हा मराठी शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत: पहिल्यात सृष्टीची उत्पत्ती, मनुष्याचे पतन आणि तारणाऱ्याची प्रतीक्षा, तर दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. वचन आणि पूर्तता ही ईश्वरी योजनेची मांडणीच त्या ग्रंथाची रचना ठरली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाई टिळक यांनी पुढे नेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मुळे या कथा आजच्या मराठीत उपलब्ध झाल्या.

मराठी वाचकाला या विषयाची तुलना अवतारकल्पनेशी करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. दोन्हींत ईश्वर मनुष्यरूपाने येतो. मात्र भगवद्गीतेतील अवतार धर्मसंस्थापनेसाठी युगायुगांत होतो व दुष्टांचा नाश करतो. ख्रिस्ती देहधारण एकदाच घडलेले मानले जाते आणि त्याचा रोख पाप्याच्या उद्धाराकडे असतो. हा भेदही टोकाचा समजू नये. संतांच्या अभंगांत विठ्ठल ‘पतितपावन’ आहे आणि ख्रिस्ती श्रद्धेतही अंतिम न्यायाची कल्पना आहे. आपल्या संतवाङ्मयावर, विशेषतः तुकारामांच्या अभंगांवर पोसलेले टिळकांचे ख्रिस्ती काव्य मराठी वाचकांना परके वाटले नाही, यामागे हा जवळचा धागाही आहे.